जपून ठेवलेली हाक

आठवी ब च्या वर्गातून माकड ओरडल्याचा आवाज आला, तेव्हा मी शेजारच्या वर्गात फळ्यावर सुरई काढत होतो. शाळेत रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. आवाज आधी बारीक होता, मग चढत गेला, लांबला आणि शेवटी असा थरथरला की माझ्या सुरईची मान वाकडी झाली. मी हातात डस्टर घेऊन धावलो. बघतो तर विज्ञानाचे म्हेत्रे सर टेबलावर उभे, दोन्ही हात वर, आणि सगळा वर्ग श्वास रोखून बसलेला. मला दारात पाहून ते म्हणाले, "या रंगारी, या. फक्त पायाकडं बघून या. जळवा हायत."

मी खरोखर खाली बघितलं. तेव्हापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. चित्रकलेचा मास्तर म्हणून मी जन्माचा रंगारी झालो. पुढे सोलापुरात सात रस्त्याजवळ एकाच इमारतीत आम्ही घरं घेतली. ते वर, मी खाली. जिन्यातसुद्धा "काय रंगारी, चुना लावून झाला का?" असं जोरात विचारायचे. शेजाऱ्यांनी दोनदा मला घर रंगवायचा भाव विचारला होता.

त्या दिवशी ते वर्षावन शिकवत होते. बुटकी पोरं जमिनीवर बसवलेली, कारण ती जंगलाची जमीन, तिथे ऊन पोचत नाही. मधली बाकावर बसलेली. उंच पोरं बाकावर उभी, ती वरची फांद्यांची गच्ची. आणि वर्गातला सगळ्यात उंच पोरगा खिडकीत चढवलेला, सगळ्यांच्या वर डोकं काढणारं झाड म्हणून. एप्रिल महिना, पत्र्याचं छप्पर आणि पंखे सरांनी मुद्दाम बंद केलेले. "घाम आल्याबिगर विषुववृत्त कळत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. सोलापुरात त्यासाठी वेगळी तयारी लागत नाही हा भाग निराळा.

एकदा असाच धडा चालू असताना शिक्षणाधिकारी तपासणीला आले. त्यांनी दार उघडलं आणि सर टेबलावरून कुजबुजले, "साहेब, वाका. डोक्यावर साप हाय." साहेब वाकले. वर्ग संपेपर्यंत ते जंगलाच्या जमिनीवर बुटक्या पोरांबरोबर बसून होते. जाताना शेऱ्यात त्यांनी लिहिलं की शिक्षण प्रभावी आहे, मात्र शिस्त दिसत नाही. सरांना त्या शेऱ्याचा इतका अभिमान होता की मुख्याध्यापकांना तो पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावायचे.

सर मूळचे मोडनिंबचे. लहानपणी ज्वारी राखायला माळ्यावर बसायचे. "बाकीची पोरं गोफण चालवायची. मी गळा चालवायचो. ससाण्यागत ओरडलं की पाखरं आपसूक उडायची, दगुड कशाला वाया घालवायचा?" टिटवी, भारद्वाज, मोर, कोल्हा, म्हातारी शेळी, सगळे त्यांच्या गळ्यात मुक्कामाला होते. पण त्यांचा जीव होता गिबनवर. हे बिनशेपटीचं, लांब हातांचं वानर पहाटे झाडाच्या शेंड्यावर बसून गातं, आणि नर-मादी जोडीने गातात. हे त्यांनी कुठेतरी वाचलं, मग कुठल्याशा कॅसेटवर ऐकलं, आणि ती हाक गळ्यात बसवायला एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी घातली. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सांगायच्या, "सुट्टीत मानसं माहेराला जात्यात. मी न्हाय गेले. म्हटलं, हे असं वराडत्यात, शेजारची पोलिसांना बोलवतील."

"जल्मभर ज्याची नक्कल केली, त्याला एकदा तरी भेटाय पायजे की," सर म्हणायचे. "मी हाक मारनार. त्यानं उत्तर दिलं तर पास. न्हाय दिलं तर एवढी वर्षं पोरांना खोटं शिकवलं म्हनायचं."

आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो. पुण्याची एक प्रवासी कंपनी बोर्निओच्या जंगलातल्या नदीतून छोट्या जहाजाची सहल नेते असं सरांच्या मुलीला, वर्षाला, कळलं. जहाजावर जेमतेम पंधरा-वीस माणसं. सकाळ-संध्याकाळ होडीतून उतरून जंगलातल्या पायवाटा चालायच्या, जनावरं बघायची. आमच्या हिने पाण्यावर झोपायला साफ नकार दिला. मग सर, वहिनी आणि मी असं ठरलं. तिकिटं आली, व्हिसा झाला. आणि सरांचा घसा बसला.

तसा घसा त्याआधीपासूनच धरत होता. तंबाखू मळत मळत ते सांगायचे, खडूची धूळ आहे. वहिनींनी पुड्या लपवून पाहिल्या, फेकून पाहिल्या, एकदा तर पुडीत चुन्याऐवजी पीठ भरलं. सरांनी तेही मळून खाल्लं आणि "आज जरा गोड लागतीया" म्हणाले. शेवटी डॉक्टरांकडे मीच ओढत नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर सरांचा जुना विद्यार्थी निघाला, आणि त्याला ते सांगणं फार जड गेलं. कर्करोग स्वरयंत्रात आहे, ते सगळंच काढावं लागेल. माणूस वाचण्याची आशा चांगली आहे, आवाज मात्र राहणार नाही.

 सरांनी विचारलं, "आपरेशन कधी?"

त्याने सांगितलेली तारीख सहलीहून परतल्यानंतरची होती. त्याआधी जागाच नव्हती.

"मग तवर वराडलं तर चालंल का?"

"सर, जेवढं कमी बोलाल तेवढं चांगलं."

सरांनी या वाक्याचा जो अर्थ घेतला, तो त्यांनाच सुचू शकतो. घरी आल्यावर त्यांनी वहिनींना आणि मला समोर बसवलं आणि घोगऱ्या आवाजात सांगितलं, "आता ह्यो आवाज मी साठवनार. तितं जाऊन एकदाच काढनार. तवर मला कुनी काय इचारू नका." आणि ते बोलायचे थांबले. एक टाळी म्हणजे पाणी, दोन टाळ्या म्हणजे चहा, चुटकी म्हणजे चष्मा कुठे आहे.

मी संध्याकाळी वर जायचो. सर खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत असायचे. वहिनी स्वयंपाकघरातून बोलत राहायच्या, भाजी काय आणली, वर्षाचा फोन आला, पाणी किती वाजता येणार. उत्तराच्या जागी टाळी. एकदा दोन टाळ्या वाजल्या तेव्हा त्या चहा ठेवायला उठल्या नाहीत. पदर हातात धरून सरांसमोर उभ्या राहिल्या.

"म्हैन्यानं बंदच व्हनार हाय की तुमचं. मग आत्ता तरी बोला माझ्यासंगं. त्या माकडासाठी ठेवताय आन् माझ्यासाठी?"

सरांनी हात वर करून 'नंतर' अशी खूण केली. वर्गात जास्त प्रश्न विचारणाऱ्या पोराला करायचे तशी. वहिनी आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. मला त्या क्षणी सरांचा संताप आला. ते गेले त्याला आता काळ लोटला, तरी ती खूण आठवली की अजून येतो.

जहाज छोटं होतं, दोन मजली, पांढरं. नदी चहासारखी, आणि दोन्ही काठांना झाडं इतकी दाट की मधे आभाळाची फक्त एक पट्टी उरलेली. मी हिरवा रंग आयुष्यभर पोरांना शिकवला, निळा आणि पिवळा मिसळून. तिथे गेल्यावर कळलं की मला त्यातलं काहीच येत नव्हतं. लांबड्या नाकाची माकडं काठावर संध्याकाळी सभा भरवून बसलेली. डोक्यावरून धनेश पक्षी उडाले तर पंखांचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. मोठं ओरांगउटान फांदीवर ओल्या पानांची गादी घालत होतं. सर कठड्याला टेकून हे सगळं बघायचे, डोळे भरून यायचे, आणि तोंड घट्ट मिटलेलं. बाकीचे प्रवासी त्यांना मुके समजत होते.

वाटाड्या तिथलाच होता, रोस्ली नावाचा, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा, हसरा. पहिल्याच दिवशी त्याने नियम सांगितले. वाटेवर बोलायचं नाही, काही तोडायचं नाही आणि जनावरांना आवाज द्यायचे नाहीत. आपण आवाज दिला तर त्यांना वाटतं की आपल्या जागेत कुणी परका घुसलाय, ती बिथरतात. हे ऐकून सरांचा चेहरा पडला. मग मी रोस्लीला बाजूला घेतलं आणि गळ्यावर बोट फिरवून जमेल तसं सगळं सांगितलं. त्याने सरांकडे बघितलं. "शेवटच्या दिवशी, एकदाच, होडीतून," एवढंच म्हणाला.

त्याआधी एका सकाळी आम्ही पायवाटेवर होतो. पायांत जळवा चढू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंत जाड मोजे, अंगाला घाम, पायाखाली चिखल. रोस्लीने अचानक हात वर केला. समोरच्या उंबराच्या जातीच्या भल्या थोरल्या झाडावर गिबनची जोडी बसली होती. अगदी जवळ. नर एका हाताने फांदीला लोंबकळत फळ खात होता. सरांनी माझा दंड धरला.  आम्ही सगळे पुतळे झालो.

आणि माझ्या मागे कडाड्कन आवाज झाला.

वहिनींनी कडक भाकरी मोडली होती. सोलापूरचा माणूस चंद्रावर निघाला तरी पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन जाईल. पण वहिनींची गोष्ट वेगळी होती. सरांना घट्ट घास गिळवत नव्हता. गोळीची वेळ जवळ आली होती आणि गोळीआधी पोटात काहीतरी हवं होतं. भाकरी दुधात भिजायला वेळ लागतो, म्हणून त्यांनी डबा उघडून ती वेळेवर मोडायला घेतली. वर झाडावर कोण बसलंय ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्या डब्याकडे बघत होत्या.

दोन्ही गिबन दिसेनासे झाले. फांदी तेवढी हलत राहिली. एक गोरी बाई रागाने वळून बघू लागली. वहिनी डबा हातात घेऊन उभ्या, तोंड रडवेलं. मला वाटलं, आता सरांचं मौन सुटतं. सरांनी डबा त्यांच्या हातातून घेतला, दुसरी भाकरी काढली आणि स्वतःच मोडली, आणखी मोठा आवाज करून. मग थर्मासमधलं दूध ओतलं, तिथेच ओंडक्यावर बसले आणि भाकरी भिजल्यावर खायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते, आवाज न करता. वहिनींना मात्र हसू आलं नाही. त्या दिवशी त्यांनी दोन्ही वेळचं जेवण टाकलं.

"एवढ्या लांब हे त्याच्यासाठी आले," त्या मला म्हणाल्या, "आन् मी हाकलून दिला त्याला."

शेवटच्या दिवशी पहाटे होडी काढली. नदीवर धुकं होतं. आदल्या रात्री वर्षाचा फोन आला होता. तिने आईला बजावलं होतं, बाबांचा आवाज मोबाईलमध्ये घे, आणि कृपा करून मधे बोलू नकोस, तुझ्या प्रत्येक व्हिडिओत तुझाच आवाज येतो. वहिनी मोबाईल दोन्ही हातांत धरून बसल्या. रोस्लीने मशीन बंद केलं. होडी आपसूक वाहू लागली. लांब कुठेतरी गिबन गात होते. सर उभे राहिले. अंगात जहाजावर मिळालेला पिवळा रेनकोट. मी त्यांची कंबर धरली.

पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज निघाला आणि मधेच फाटला. लांबचं गाणं थांबलं. मी म्हटलं, "सर, राहू द्या." त्यांनी माझा हात झटकला, डोळे मिटले, आणि तिसऱ्यांदा ती हाक आली. आठवी ब ची. बारीक, मग चढत, मग लांब, आणि शेवटी थरथरती. सगळी नदी भरून गेली. महिनाभर राखलेला तो आवाज त्यांनी एका दमात देऊन टाकला.

जंगल गप्प होतं. पाणी होडीला लागत होतं तेवढंच. आणि मग पलीकडच्या काठावरून, धुक्यातून, उत्तर आलं. तशीच चढण, तसाच थरकाप, आणि पाठोपाठ मादीचा सूर. रोस्ली हळूच म्हणाला, "तो सांगतोय, ही जागा आमची आहे, तुम्ही निघा." मी ते सरांना मराठीत सांगितलं. सर रडत होते आणि हसतही होते. "निघतो की बाबा," ते म्हणाले. मग वहिनींकडे वळले आणि लहान पोरासारखं विचारलं, "आगं, ऐकलं का?"

वहिनींनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. मोबाईल चालू होता ना. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही.

तेच सरांचं शेवटचं धड वाक्य. दुपारपर्यंत घसा सुजला. परतीच्या विमानात कुजबूज उरली, आणि सोलापूरला पोचेपर्यंत तीही समोरच्याच्या कानापर्यंत जाईना. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टर विद्यार्थी म्हणाला, "सर, कुणाला काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा." सरांनी वहिनींना जवळ बोलावलं. वहिनींनी कान त्यांच्या ओठांशी नेला, कितीतरी वेळ तसाच ठेवला. स्ट्रेचर गेल्यावर मी विचारलं, काय म्हणाले?

"काय की ओ," वहिनी म्हणाल्या. "नुसता वारा लागला कानाला." आणि दवाखान्याच्या त्या बाकावर त्या अशा रडल्या की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी पळालो नाही, त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

त्यानंतर सर काही महिने होते. गळ्यावर भोक, त्यावर पांढरी जाळी. विद्यार्थी भेटायला यायचे, गुडघ्यांशी बसायचे, आणि सर त्यांच्या पाठीवर थाप मारायचे. जिन्यात मला कुणी रंगारी म्हणेनासं झालं. वर टाळ्या वाजायच्या, एक, दोन, आणि वहिनींच्या धावण्याचा आवाज माझ्या छतावर यायचा. मग छातीत कफ साठला, आणि दिवाळीच्या तोंडावर सर गेले. मी तेव्हा मुलाकडे गावाला गेलो होतो. अंत्यदर्शनाला पोचलो नाही.

त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गावाला जायच्या आदल्या संध्याकाळी. सांगायला वर गेलो होतो. दार नुसतं लोटलेलं होतं. सर खिडकीजवळच्या खुर्चीत आणि वहिनी त्यांच्या पायाशी जमिनीवर, मधे स्टुलावर मोबाईल. वहिनी व्हिडिओ काढण्यात कच्च्या. त्यात सर दिसतच नव्हते. धुकं, पानं आणि पिवळ्या रेनकोटाचं एक कोपर. हाक आली, गिबनचं उत्तर आलं, रोस्ली काहीतरी बोलला, मी बोललो. मग त्या एवढ्याशा यंत्रातून सरांचा आवाज आला, "आगं, ऐकलं का?"

वहिनी मोबाईलकडे बघत नव्हत्या. त्यांनी मान वर केली आणि खुर्चीतल्या सरांच्या डोळ्यांत बघून मोठ्याने उत्तर दिलं, "व्हय की. ऐकलं की मी."

व्हिडिओ संपला. सरांनी वाकून हात लांब केला, बोटाने तो पुन्हा सुरू केला आणि वहिनींकडे बघत बसले. दोघांनाही मी दारात उभा असल्याचं कळलं नव्हतं. मी न बोलता दार लोटून घेतलं आणि जिना उतरू लागलो. खाली माझ्या दाराशी पोचलो तरी वरून वहिनींचा आवाज येत होता. "व्हय की. ऐकलं." थोड्या वेळाने पुन्हा, "ऐकलं की ओ. ऐकलं."